पट्ट्याच्या जमिनीवरचे जुने घर: पाडून बांधावे की राखावे?

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत चाळीसेक वर्षांपूर्वी उभी राहिलेली बैठी घरे, रो-हाऊस आणि छोटे बंगले आता विक्रीला येऊ लागले आहेत. मूळ मालक थकलेले असतात, मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात स्थिरावलेली असतात आणि घराची डागडुजी कोणाकडूनच होत नसते. असे घर पाहायला गेलेला नवखा गुंतवणूकदार भिंतींची ओल पाहतो, समोरचा रस्ता पाहतो, शेजारच्या तीन मजली नव्या घराकडे बोट दाखवणाऱ्या दलालाचे ऐकतो आणि ‘पाडून बांधले की पैसे दुप्पट’ असा हिशेब मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. या हिशेबात जमिनीचा विचार सुटून जातो. घरमालक त्या जमिनीचा ठरावीक मुदतीचा पट्टेदार असतो आणि जमीन सिडकोच्याच, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्याच, नावावर राहिलेली असते. म्हणून घर विकत घ्यायचे असो की वारशाने आलेले घर नव्याने बांधायचे असो, आपला पैसा मुख्यतः पट्ट्याच्या उरलेल्या वर्षांत जात असतो, हे धरूनच पुढची प्रत्येक पायरी चढावी.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. राज्य शासनाने तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गावांची जमीन संपादित करून सिडकोकडे सोपवली आणि सिडकोने ती भूखंड पाडून साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. १९८६ साली सुरू झालेला असा पट्टा २०४६ साली संपतो. नागपुरात सुधार प्रन्यासाच्या जमिनींचे पट्टे ३० वर्षांचे व नूतनीकरणयोग्य असतात, विदर्भातील नझूल (शहरांतील शासकीय) जमिनींचे नियम आणखी वेगळे आहेत. हा लेख सिडकोच्या घरांपुरता आहे. अन्य ठिकाणी विचाराची दिशा हीच राहील, मात्र मुदत, अधिमूल्य (प्रीमियम) आणि परवानगी देणारे कार्यालय बदलेल.

पहिली पायरी: कागद हाती घेणे

घर पाहण्याआधी कागद पाहावेत. विक्रेत्याकडे तीनपैकी कोणता कागद आहे, हे प्रथम विचारावे. काहींकडे फक्त भाडेपट्ट्याचा करारनामा असतो, म्हणजे बांधकाम करण्याची परवानगी आणि ते पूर्ण झाल्यावर पट्टा करून देण्याचे वचन. काहींकडे भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेली इमारत वापरण्याची परवानगी) मिळाल्यानंतर नोंदवलेला प्रत्यक्ष भाडेपट्टा असतो. घर मधल्या काळात हस्तांतरित झाले असेल तर सिडको, जुना पट्टेदार आणि नवा पट्टेदार यांच्यातील त्रिपक्षीय करार असतो. अनेक जुन्या घरमालकांनी करारनाम्यानंतर पट्टा नोंदवून घेतलेलाच नसतो. घरात राहणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पाडून बांधू पाहणाऱ्याला पडतो, कारण आधीची अपुरी पूर्तता, तिचे शुल्क आणि तिचा विलंब या तिन्ही गोष्टी नव्या माणसाच्या गळ्यात येतात.

कागदात चार गोष्टी पेन्सिलीने खूण करून वाचाव्यात. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची आहे ती ओळ पहिली. ताबा मिळाल्याची किंवा घर बांधून झाल्याची तारीख गृहीत धरू नये. भूखंडाचा वापर दुसरी: फक्त निवासी आहे का, एकच कुटुंब राहील असे घर अभिप्रेत आहे का, की एकापेक्षा अधिक सदनिका बांधता येतात. अनुज्ञेय चटई क्षेत्राचा (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते त्याचा) आकडा तिसरी. आणि चौथी, जिच्यावरून बहुतेकांची नजर सरकून जाते ती, मुदत संपल्यानंतरची अट. नूतनीकरणाचा हक्क दिला आहे का, त्याचे अधिमूल्य कोण ठरवणार, आणि हक्क नसेल तर इमारतीचे काय होणार, हे तिथेच लिहिलेले असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, कराराने वेगळे ठरवले नसेल तर, पट्टेदाराला पट्टाकर्त्याच्या संमतीशिवाय, शेतीची गरज वगळता, कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. म्हणून ‘घर माझे, मी पाडीन नाहीतर ठेवीन’ हे बोलणे पट्ट्याच्या जमिनीवर चालत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. नवी मुंबईत सिडकोच्या सेक्टरांना लागूनच मूळ गावठाणे आहेत आणि गावठाणांभोवती प्रकल्पग्रस्तांची (ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्यांची) ‘गरजेपोटी’, परवानगीविना बांधलेली घरे आहेत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेत प्रकल्पग्रस्तांना मिळालेले भूखंडही त्याच परिसरात आहेत. रस्त्यावरून पाहताना या तिन्हींत भेद कळत नाही; कागदात मात्र तो जमीन-अस्मानाचा आहे. घर सेक्टरातील भूखंडावर आहे की नाही, आणि भूखंड क्रमांक पट्ट्यातील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे नकाशावर पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: घर नेमके कोणाचे, आणि आत कोण राहते

पट्टेदार हयात नसेल तर वारसांची नोंद सिडकोच्या दप्तरी झाली आहे का, ते विचारावे. माझ्या मावशीच्या नेरूळच्या घराच्या वेळी आम्ही वास्तुविशारदाचे नकाशे तयार करून बसलो होतो आणि मग लक्षात आले की काकांना जाऊन अकरा वर्षे झाली तरी पट्टा त्यांच्याच नावावर आहे. तीन भावंडांपैकी एकाचे हक्कसोडपत्र परदेशातून मागवण्यात दीड वर्ष गेले. तोवर सिमेंटचे आणि सळयांचे भाव बदलले आणि पहिले अंदाजपत्रक निरुपयोगी ठरले.

मुखत्यारपत्रावर हातोहात फिरलेली घरेही कमी नाहीत. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) यांच्या आधारे स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती वारली की ते सामान्यतः संपुष्टात येते. अशा घराचा भाव कमी असतो, पण बँकेचे कर्ज आणि सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र दोन्ही अडतात. नवख्याने या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात भाडेकरू असेल तर तो अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर आहे की जुना भाडेकरू आहे, हे त्याच्याशी स्वतः बोलून समजून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असलेल्या भाडेकरूला ‘पाडायचे आहे’ म्हणून नोटीस देऊन बाहेर काढता येत नाही. बांधकामाच्या कारणासाठी जागा मागण्याची तरतूद आहे, पण तिच्या अटी कडक आहेत आणि नव्या इमारतीत त्याला जागा देण्याचा प्रश्न त्यातून उभा राहतो.

यासोबत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या व्यवहारांचा ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. मूळ कागद बँकेत गहाण आहेत का, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि सिडकोचे सेवा शुल्क थकले आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरी पायरी: दोन कार्यालयांकडून काय मिळू शकते

नवख्यांचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीत बांधकाम परवानगी तीच देते. जमिनीचा पट्टाकर्ता मात्र सिडकोच राहिली. त्यामुळे महापालिकेच्या नियमांत बसणारा नकाशा पट्ट्याच्या अटींत बसेलच असे नाही. जास्तीचे चटई क्षेत्र वापरायचे असेल, वापर बदलायचा असेल किंवा सदनिका वाढवायच्या असतील तर सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र आणि त्यासाठीचे अधिमूल्य हा स्वतंत्र खर्च धरावा लागतो. घर आधी विकत घ्यायचे असेल तर हस्तांतरण शुल्क वेगळे.

राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू झाली. त्या नियमावलीत भूखंडासमोरील रस्त्याच्या रुंदीला फार महत्त्व आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला सर्वसाधारणपणे अधिमूल्य भरून मिळणारा वाढीव एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित झालेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. रो-हाऊसच्या ओळींमधले रस्ते अनेकदा अरुंदच असतात. दलालाने दाखवलेले तीन मजली घर कोपऱ्यावरच्या भूखंडावर, रुंद रस्त्याला लागून असते, आणि आपला भूखंड मधला असतो. टेप घेऊन रस्ता स्वतः मोजावा आणि मंजूर रेखांकनातील रुंदीशी ताडून पाहावा. भूखंड खाडीलगत असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते, हेही वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे.

चौथी पायरी: घराची प्रकृती

खाडीच्या दमट, खाऱ्या हवेत स्लॅबमधील सळया लवकर गंजतात. गंजलेली सळई फुगते, तिच्याखालचे काँक्रीट सुटते आणि छताला लांबट भेगा पडतात. मावशीच्या घरी संरचना अभियंता छोटी हातोडी घेऊन खोलीभर फिरले. जिथे काँक्रीट धड होते तिथे ठणठणीत आवाज येत होता, आणि न्हाणीघराच्या छताला टकटक करताच मडक्यासारखा पोकळ. मग त्यांनी एका खांबाचा थोडासा भाग फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडले. बाहेरचा बोटभर थर रंगहीन राहिला आणि आतला भाग गडद गुलाबी झाला. गुलाबी भागात काँक्रीटचा अल्कधर्म टिकून असतो आणि तो सळईला गंजण्यापासून जपतो. आमच्या खांबातील सळई गुलाबी भागात होती. ‘न्हाणीघराचा स्लॅब नवा घाला, बाकीचे घर वीस वर्षे कुठे जात नाही,’ असे त्यांनी सांगितले, आणि तोवर ‘पाडायचेच’ म्हणून ठरवून बसलेल्या आमच्या घरात प्रथमच दुसरा पर्याय चर्चेला आला.

तात्पर्य असे की हा तपास निर्णयाआधी करावा, आणि तो कंत्राटदाराकडून न करता स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून करावा. पाडकामातून ज्याला काम मिळणार आहे त्याने ‘दुरुस्ती होणार नाही’ असे सांगणे स्वाभाविक आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींसाठी महापालिका कायद्यात संरचनात्मक तपासणीची तरतूद आहेच, तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

रो-हाऊसच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दोन घरांमधली भिंत सामाईक असते. आपले घर पाडले की शेजाऱ्याची भिंत उघडी पडते, तिच्या आधाराची आणि पावसापासून संरक्षणाची जबाबदारी आपल्यावर येते, आणि पायाचे खोदकाम त्याच्या पायाशी नेऊन भिडते. शेजाऱ्यांची लेखी संमती, काम सुरू होण्याआधी त्यांच्या भिंतींची तारखेसह छायाचित्रे आणि पावसाळ्याबाहेरचे वेळापत्रक यांशिवाय कामाला हात घालू नये.

पाचवी पायरी: वर्षांचा आणि पैशांचा हिशेब

येथे थोडे सावकाश जावे, कारण निर्णय याच पायरीवर होतो. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत.

समजा जुन्या बैठ्या घराची दुरुस्ती ८ लाखांत होते, त्यानंतर ते २० वर्षे टिकते आणि खर्च वजा जाता वर्षाला ३ लाख भाडे देते. पाडून तीन मजले बांधले तर बांधकाम, शुल्क आणि अधिमूल्य मिळून ७५ लाख खर्च येतो, दोन वर्षे काहीच उत्पन्न नाही, आणि मग वर्षाला ९ लाख मिळतात. भाडेवाढ सध्या बाजूला ठेवू. भविष्यात मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत काढण्यासाठी आधी ८ टक्के दर धरू.

पट्ट्याची २० वर्षे उरली असतील तर नव्या घराला १८ वर्षांचेच भाडे मिळते. त्याची आजची किंमत सुमारे ७२ लाख ३० हजार भरते. ७५ लाख घालून ७२ लाख ३० हजार मिळवणे म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास तोटा. दुरुस्तीच्या पर्यायात मात्र २० वर्षांच्या भाड्याची आजची किंमत साडेएकोणतीस लाखांच्या घरात जाते आणि ८ लाख वजा जाता सुमारे साडेएकवीस लाख हाती राहतात.

आता हेच घर, पण पट्ट्याची ५० वर्षे उरलेली. नव्या घराच्या ४८ वर्षांच्या भाड्याची आजची किंमत ९४ लाख होते, म्हणजे खर्च वजा जाता १९ लाख. दुरुस्तीचे साडेएकवीस लाख तसेच. दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीला येतात, आणि दुरुस्ती केलेल्या घरात वीस वर्षांनीही तीस वर्षांचा पट्टा शिल्लक असतो, ही जमेची बाजू वेगळीच.

भाडे दरवर्षी वाढते, म्हणून ८ टक्के दर फार कडक आहे असे कोणी म्हणेल. ते रास्त आहे. भाडेवाढ गृहीत धरून दर ५ टक्क्यांवर आणला तर ५० वर्षांच्या पट्ट्यावर नवे बांधकाम खर्च वजा जाता सुमारे साडेबहात्तर लाख देते आणि दुरुस्ती सुमारे साडेएकोणतीस लाख. म्हणजे पाडून बांधणे पुष्कळच सरस ठरते. पण २० वर्षांच्या पट्ट्यावर त्याच ५ टक्के दराने नवे बांधकाम सुमारे साडेवीस लाख देते आणि दुरुस्ती साडेएकोणतीस लाख. मुदत थोडी उरली असेल तर या दोन्ही दरांनी निकाल तोच राहतो. मुदत भरपूर असेल तर मात्र सारे काही आपण भाडेवाढीचा अंदाज किती धरतो यावर अवलंबून राहते. म्हणून नूतनीकरणाचे अधिमूल्य किती, हे कळल्याशिवाय पाडकामाचा निर्णय घेणे म्हणजे अर्धा हिशेब मांडून सही करण्यासारखे आहे.

पाडून बांधण्याची तुलना शून्याशी करू नये, दुरुस्तीशी करावी. अंदाजपत्रकात नव्या घराचे भाडे ठळकपणे लिहिलेले असते, पण जुने घर पाडल्यामुळे बुडणारे भाडे त्यात कुठेच नसते.

विक्रीच्या नफ्यावर भिस्त असणाऱ्यांनी बँकेचा विचार करावा. कर्जाची मुदत संपल्यानंतरही पट्ट्याची काही वर्षे शिल्लक असावीत, अशी कर्ज देणाऱ्यांची अपेक्षा असते. दहा वर्षांनी आपण विकायला जाऊ तेव्हा पट्ट्याची दहाच वर्षे उरली असतील तर पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळणे अवघड, आणि रोखीचा खरेदीदार भाव पाडून मागणार. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे परिसराला मागणी आली, पण पट्ट्याच्या मुदतीत त्याने एका दिवसाचीही भर पडत नाही.

फ्री होल्डची, म्हणजे पट्ट्याची जमीन पूर्ण मालकीची करून देण्याची, चर्चा नवी मुंबईत बरीच वर्षे ऐकू येते आणि विक्रेते तिच्या आधाराने भाव वाढवून सांगतात. भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या) व भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग-१ (निर्बंधमुक्त) मध्ये रूपांतरित करण्याचे २०१९ चे नियम अनेकजण दाखवतात. ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिलेल्या शासकीय जमिनींसाठी आहेत आणि सिडकोच्या पट्ट्याला आपोआप लागू होत नाहीत. आपल्या भूखंडाबाबतचा लेखी आदेश आणि भरायच्या रकमेचे पत्र हाती येईपर्यंत हिशेबात फ्री होल्डची किंमत शून्य धरावी.

सहावी पायरी: स्वतः बांधायचे की विकासकाला द्यायचे

लहान भूखंडावर स्वतः कंत्राटदार नेमून बांधणे मला अधिक सुरक्षित वाटते. दरपत्रक घ्यावे, पैसे कामाच्या टप्प्यानुसार द्यावेत आणि देखरेखीला आपला अभियंता वेगळा ठेवावा. विकासकाला द्यायचे असेल तर विकसन करारनामा नोंदणीकृत असावा, सिडकोची संमती करारातच अट म्हणून असावी, आणि भोगवटा प्रमाणपत्र आणण्याची जबाबदारी व मुदत त्यात स्पष्ट असावी. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्य प्राधिकरण) नोंदणी सक्तीची नाही. अशा छोट्या प्रकल्पात महारेराचा आधार मिळेलच असे धरू नये, म्हणून करारातील शब्द अधिक तोलून घ्यावे लागतात.

करांचे नियोजन विकसन करारावर सही करण्याआधी सनदी लेखापालाकडून करून घ्यावे. वैयक्तिक मालकाने विकासकाशी नोंदणीकृत करार केला असेल तर भांडवली नफ्यावरचा कर सामान्यतः बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या वर्षी लागतो. त्याआधी आपला हिस्सा विकला तर ही सवलत जाते.

शेवटची पायरी: विसार

सारे जुळून आले तरी विसाराची (सौदा पक्का करताना आगाऊ द्यायची) रक्कम देताना घाई करू नये. साठेखतात पुढील आशयाचे कलम वकिलाकडून घालून घ्यावे: ‘पट्टाकर्त्याचे हस्तांतरणासाठीचे ना हरकत प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास, अथवा पट्ट्याची उरलेली मुदत लिहून देणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीपेक्षा कमी आढळल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम कोणतीही वजावट न करता परत करण्यात येईल.’ विक्रेत्याने या कलमाला नकार दिला तर कारण विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर कागद परत करून दुसरे घर पाहावे.